गोलकीपरची बायको

आखातातल्या आमच्या खोलीत सुट्टीचा शुक्रवार उजाडायचा तो मासळीच्या वासाने. हसनभाय पहाटेच फाहीलच्या बाजारात जाऊन बांगडे, कधी हाती लागली तर सुरमई घेऊन यायचा, आणि आम्ही अंथरुणात असतानाच स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये त्याची सुरी चालू व्हायची. तो मूळचा रत्नागिरीच्या खाडीकडचा, आमची खोली होती त्या महबुल्यातच एका किराणा दुकानात कामाला. खोलीत बाकी आम्ही सगळे सिंधुदुर्गाकडचे, पण मासळीला हात लावायचा हक्क त्याचा एकट्याचा, हे आधीच्या लोकांनी ठरवून ठेवलं होतं. तिरफळं गावाहून आलेली, खोबऱ्याचं दूध डब्यातलं, तांदूळ बासमतीचा तुकडा. हसनभाय कढीला कोकम घालताना दर वेळी म्हणायचा की हे कोकम नाही, कोकमाचा फोटो आहे. बाहेर एसीची घरघर, वरच्या मजल्यावरच्या मल्याळी मुलांचं वॉशिंग मशीन, दुपारच्या नमाजाची अजान, आणि हसनभाय मशिदीतून परत येईपर्यंत झाकून ठेवलेलं जेवण. तो आल्याशिवाय कोणी ताटाला हात लावत नसे. हा नियम कोणी कोणाला सांगितलेला मला आठवत नाही.

त्या खोलीत मला आणलं माझ्या इनूमामांनी. आईचे सख्खे भाऊ. नाव विनायक, पण गावात सगळे इनू म्हणत. शुऐब्याच्या एका कारखान्यात पाईप फिटर होते, हात रुंद आणि बोटांची टोकं कायमची काळी. मी बी.कॉम. झालो तेव्हा आमच्या वाडीत पदवीधर म्हणून मी पहिलाच, आणि त्या पदवीचं पुढे काय करायचं हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. मामांनी कंपनीत शब्द टाकला. मॅनेजरने त्यांना सांगितलं की भाच्याला ऑफिसात टाइमकीपर म्हणून घेतो, पण तू आणखी एक करार कर, तुझ्यासारखा फिटर मला आत्ता सोडायचा नाही. मामांनी मामींना त्या वर्षीच्या गणपतीला कायमचं घरी येण्याचा शब्द दिलेला होता. परसातली विहीर उपसून ठेवली होती, पडवीला नवे वासे घातले होते. मामांनी करारावर सही केली आणि मी विमानात बसलो.

तेव्हापासून मामी फोनवर यायच्या बंद झाल्या. मामा शुक्रवारी संध्याकाळी गच्चीवर जाऊन घरी फोन लावायचे. त्यांचा मुलगा उचलायचा, अभ्यासाचं, गुरांचं सांगायचा. मामांनी 'आईक दी' म्हटलं की 'आई गोठ्यात गेली' किंवा 'आई न्हाता' असं उत्तर यायचं. एकदा मी शेजारी उभा होतो. फोनमधून मामींचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता, कोणाला तरी काहीतरी सांगत होत्या, आणि मुलगा म्हणत होता की आई घरात नाही. मामा म्हणाले, बरं, आली की सांग बाबांचा फोन होता. मग माझ्याकडे बघून हसले. कोणामुळे हे झालं ते त्यांनी मला कधी ऐकवलं नाही. मला ठाऊक होतंच.

या सगळ्यात एक सिनेमा कसा आला ते सांगायला हवं. खोलीतल्या परबने, म्हणजे परांची बांधणाऱ्या आमच्या सगळ्यांत थोराड गड्याने, जुन्या बाजारातून एक डीव्हीडी आणली होती. वेष्टणावर चेंडू बघून त्याला वाटलं फुटबॉलची मॅच असेल. लावून बघितली तर मॅच नव्हती, सिनेमा होता, आणि माणसं भलत्याच भाषेत बोलत होती. खाली इंग्रजी अक्षरं भराभर पळत. दुकानांच्या पाट्या सगळ्यांना वाचता यायच्या, पण पळणारी ओळ पकडणं कोणाला जमत नसे. परब डबी फेकून देणार होता. मामा म्हणाले, 'थांब, मी सांगतंय.' आणि ते टीव्हीच्या बाजूला पालथ्या बादलीवर बसले आणि सिनेमा सांगू लागले.

मामा तरुणपणी गावच्या दशावतारात होते. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, हे आमच्याकडच्यांना सांगायला नको. कथा ठरलेली, बोलणं ज्याचं त्याने उभ्या जागी करायचं. मामांनी तेच केलं. सिनेमा एका लहानशा गावातल्या हौशी संघाचा होता. खाटीक, न्हावी, बसचा ड्रायव्हर, एक पाद्री, सगळे पोट सुटलेले, दर रविवारी हरणारे. गावची नगरपालिका त्यांचं मैदान काढून घेणार असते आणि निदान एक सामना जिंकला तर ते वाचणार असतं. एवढं चित्र बघूनही कळतं. बाकी सगळं मामांचं. रेफ्रीने पिवळं कार्ड काढलं की मामा पोलिसाच्या आवाजात इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, मागायचे, आणि खाटीक खिसे चाचपायला लागला की त्याच्या आवाजात म्हणायचे, 'साहेब, दुसऱ्या पॅंटीत रवलो.' ज्याचा इकामा कधी ना कधी दुसऱ्या पॅंटमध्ये राहिलेला नाही असा माणूस त्या इमारतीत नव्हता. मैदानात एक बकरी शिरते, तिला त्यांनी आमच्या फोरमनचा आवाज दिला होता. मग दर शुक्रवारी तोच सिनेमा लागू लागला, आजूबाजूच्या खोल्यांतले लोक जेवण आटोपून आमच्याकडे येऊन बसायचे, दारात चपलांचा ढीग पडायचा.

पण मामांचा जीव होता तो गोलकीपरवर. ढेरपोट्या, दोन गोलांच्या मधल्या वेळात पाव खाणारा माणूस. त्याच्या गोलच्या मागे एक बाई टोपली घेऊन उभी असते आणि सारखी त्याच्यावर ओरडते. मामांनी ती त्याची बायको करून टाकली होती. ती त्याला घरी चल म्हणते, तो म्हणतो एवढी मॅच होऊ दे. दर शुक्रवारी त्याच्या सबबी नवीन असायच्या. 'गो, मी खंय पळान गेलंय? हंयच आसंय मा तुझ्या डोळ्यांसमोर.' किंवा, 'गणपतीक येतंय म्हणान सांगलंय ना तुका?' मग लोक आपापल्या जागेवरून त्याला सुचवायचे, हे सांग तिला, ते सांग. परब तर अक्षरशः टीव्हीकडे हात करून समजूत घालायचा. शेवटी सामना संपतो, गोलकीपर चिखलाने भरलेला शर्ट काढून तिच्यापुढे धरतो आणि ती तो हातात घेते. तिथे मामा आवाज अगदी खाली आणायचे. 'घेतल्यान बघ. बोलूक नाय, पण घेतल्यान.' त्यानंतर मामा उठायचे, तोंडावर पाणी मारायचे आणि गच्चीवर फोन करायला जायचे.

माझा पहिला शुक्रवार होता तेव्हा मामांनी मला अगदी पुढे बसवलं. मी डबीवरची बारीक अक्षरं वाचून म्हणालो की ही भाषा इंग्रजी नाही, स्पॅनिश आहे. तोवर सगळे त्याला अमेरिकेतला सिनेमा समजत होते. मामांनी सगळ्यांकडे असं बघितलं की जणू ती भाषा मीच शोधून काढली होती. पुढचा आठवडाभर बसमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, भेटेल त्याला ते सांगत होते की सिनेमा स्पेनमधला आहे, भाच्याने बघता क्षणी ओळखला. मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं. मी खाली पळणाऱ्या ओळी वाचायचो, मामांचं बोलणं ऐकायचो, दोन्हीचा मेळ नसायचा, आणि हसता हसता माझं पोट दुखायचं. मामांचं खोटं आहे असा विचार माझ्या मनात तेव्हा आलाच नाही. तो नंतर आला, विचारल्यावर.

आता मागे वळून बघताना वाटतं, की आमच्या शाळेने मला दोन गोष्टी पक्क्या शिकवल्या होत्या. विचारलं की उभं राहायचं आणि बरोबर उत्तर द्यायचं. आमच्या गुरुजींचा मी फार ऋणी आहे, त्यांच्यामुळेच मी आज इथे आखातातच, एगैल्यातल्या या घरात बसून हे लिहितो आहे. पण प्रश्न कोण विचारतो आहे आणि कशासाठी, हे बघायला त्यांनी शिकवलं नव्हतं. कदाचित ते शाळेत शिकवता येत नसेल.

मला विचारलं गेलं त्या शुक्रवारी खोली भरलेली होती. खालच्या मजल्यावर लातूरकडचा एक नवीन इलेक्ट्रिशियन राहायला आला होता, बालाजी नावाचा, डिप्लोमा झालेला चुणचुणीत मुलगा. त्याला परब घेऊन आला. सिनेमा गोलच्या मागच्या बाईपर्यंत आला, मामा रंगात होते, आणि बालाजी डोळे बारीक करून म्हणाला, 'मामा, ही खरंच त्याची बायको हाय का? खाली लिहून यायलंय ते वेगळंच दिसायलंय की.' त्याच्या बोलण्यात कुचेष्टा नव्हती. चार-दोन जण हसले. मामाही हसले. त्यांनी परबच्या हातातून रिमोट घेतला आणि चित्र थांबवलं. ती बाई तोंड उघडं ठेवून पडद्यावर तशीच उभी राहिली. मामा म्हणाले, 'माझ्या भाच्याक इचार. बी.कॉम. आसा तो. खोटा बोलूचो नाय.' आणि माझ्याकडे वळून म्हणाले, 'सांग रे झिला ह्येका.'

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. मामांचा चेहरा मला आजही दिसतो. त्यावर भीतीचा लवलेश नव्हता. मी जे सांगेन ते त्यांच्याच बाजूचं असणार, याची त्यांना खात्री होती, आणि त्या खात्रीपेक्षाही भाचा चारचौघांत उत्तर देतो आहे याचाच आनंद जास्त होता. मी पाठ सरळ केली.

'मामानूं, ती तेची बायको न्हय,' मी म्हणालो. 'ती कपडे धुवणारी. सगळ्या संघाचे शर्ट ती धुता. तो चिखलात लोळता म्हणान ती वराडता.'

मग परब मोठ्याने हसला आणि म्हणाला, 'म्हणजे इतके महिने आम्ही धोबणीची समजूत काढतंव?' त्यावर सगळी खोली हसली. मामाही हसले, सगळ्यांपेक्षा थोडे जास्तच. त्यांनी मांडीवर थाप मारली, 'बघलास, शिक्षण ह्येका म्हणतत,' असं बालाजीला म्हणाले आणि रिमोट माझ्या हातात दिला. पुढचा भाग त्यांनी सांगितला नाही. घसा बसला आहे म्हणाले. लोकांनी मला आग्रह केला आणि मी वाचून दाखवू लागलो. शर्ट हातात घेण्याचा प्रसंग आला तेव्हा मामा खोलीत नव्हते. मला वाटलं गच्चीवर फोन करायला गेले असतील. ते स्वयंपाकघरात बांगड्याची भांडी घासत होते. त्या दिवशी घरी फोन झाला नाही.

रात्रीचं जेवण वाढताना हसनभाय माझ्या शेजारी आला. तो कमी बोलायचा. त्याने आमटी वाढली, पळी पातेल्यात ठेवली आणि हळूच म्हणाला, 'तुला काय विचारलंन, ता तुला कळलाच नाय.' मी म्हणालो की जे होतं तेच मी सांगितलं. तो म्हणाला, ते खरंच. आणि दुसऱ्याला वाढायला गेला.

पुढचे काही शुक्रवार मी वाचत राहिलो. शब्दाला शब्द जुळवून, शुद्ध मराठीत, अर्थ सुटू नये म्हणून मध्येच सिनेमा थांबवून. सिनेमा चांगलाच होता. त्यातला विनोद बारीक होता, त्या गावच्या लोकांच्या एकमेकांच्या टोपणनावांवर, त्यांच्या जेवणावर, शेजारच्या गावाशी असलेल्या जुन्या वैरावर. मी ते समजावून सांगायचो आणि लोक मान डोलवायचे. वर्गात डोलवतात तशी. दारातल्या चपला कमी होत गेल्या. मामा त्या वेळी कामाचे कपडे घेऊन बाथरूममध्ये जायचे आणि नळ मोठा सोडून बराच वेळ धूत बसायचे. मग कोणी तरी क्रिकेटची डिश जोडून आणली आणि तो प्रश्नच मिटला. मामा घरी फोन करायचे, पण आठवड्याच्या मधल्या कुठल्याही दिवशी, घाईत, मुलाच्या फीचं वगैरे विचारून ठेवून द्यायचे. 'आईक दी' म्हणणं त्यांनी सोडून दिलं होतं.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. एकदा सगळे वफ्र्याला कोणाच्या तरी शेतावर खजूर आणायला गेले होते आणि आम्ही दोघेच घरी होतो. मी डीव्हीडी लावली आणि मामांना म्हणालो, तुम्ही सांगा, मला ऐकायचंय. ते नको म्हणाले. मी हट्ट धरला तेव्हा ते पलंगावरून उतरून जमिनीवर बसले, मांडी घालून, आणि म्हणाले, 'तू वाच. मी कधी ऐकूकच नाय नीट.' मग मी वाचलं आणि त्यांनी ऐकलं. एखादी ओळ सुटली तर मागे न्यायला लावायचे. ती बाई आत्ता काय म्हणाली, त्यावर हा काय म्हणाला, असं विचारायचे. बकरी आली तेव्हा त्यांना हसू आलं, पण ते त्यांनी आवरलं आणि मी काय वाचतो त्याची वाट बघितली.

शेवटी गोलकीपरने शर्ट काढला. खाली ओळ होती की दे इकडे, एक नंबरचा शर्ट नेहमीच सगळ्यांत घाण. मी ती वाचली. मामा म्हणाले, 'इतक्याच?' आणि मला काय झालं कोण जाणे, मी म्हणालो, नाही, पुढे असंही म्हणते की आता घरी चल, मी जेवायची थांबले आहे. मामांनी पडद्याकडे बघितलं नाही. माझ्याकडे बघितलं. ज्या माणसाने सगळं तारुण्य उभ्या जागी संवाद रचण्यात घालवलं होतं, त्याला रचलेली ओळ ओळखायला इंग्रजी कशाला लागतं?

'ता तुझा,' मामा म्हणाले. 'लिवलेला न्हय.'

रागाने नव्हे, चूक दाखवावी तसं. मग ते उठले आणि चहा टाकला, माझ्या कपात साखर जास्त घातली, कारण मला तशी लागायची.

त्यानंतर माझी नोकरी पक्की झाली, पगार वाढला, मी ऑफिसच्या मुलांबरोबर दुसऱ्या खोलीत राहायला गेलो. मामांनीच बिछाना उचलून गाडीत ठेवला. करार संपला तसे ते गावी परतले, शब्द दिला होता त्यापेक्षा उशिराने. माझं भलं झालं. लग्न झालं, मुलगी झाली. ती माझ्याशी इंग्रजीत बोलते आणि मी तिला मराठीत उत्तर देतो. कोणी मला माझ्या यशाबद्दल विचारलं तर मी मामांचं नाव पहिलं घेतो. लोकांना ती कृतज्ञता वाटते. आहेच. पण नुसती ती नाही.

मामा परतले त्यानंतर मी पहिल्यांदा सुट्टीवर गेलो, तेव्हा दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडे जेवायला बोलावणं होतं. पडवी छान झाली होती. मामी मला बघून आनंदल्या, काय काय विचारत राहिल्या. मामा ओसरीवर बसून सुतळीचा गुंता सोडवत होते. आला का, म्हणाले, बरा आहेस ना म्हणाले, आणि पुन्हा सुतळीत डोकं घातलं. जेवायला आम्ही दोघे पाटावर बसलो. मामी वाढत होत्या. त्यांचं बोलणं चालू होतं, मामांना उद्देशूनही त्या दोनदा काही म्हणाल्या, आणि मामांनी हूं केलं. मी बघत होतो. मामींचा राग कधीच ओसरला होता. मामी वाट बघत होत्या. घरी परत आलेल्या माणसाने काहीतरी बोलावं, एवढीच.

भात वाढता वाढता त्या थांबल्या आणि मला म्हणाल्या, 'थंय सुद्दा हे असेच गप असत?'

मी खरं तेच सांगितलं. नाही मामी, तिथे ते खूप बोलायचे, शुक्रवारी अख्खी खोली भरायची त्यांचं ऐकायला. मामींचा हात तसाच राहिला. आधी त्यांना खोटं वाटलं, मग नाही वाटलं.

'काय सांगत?' त्या म्हणाल्या. 'सांग मा. माका आयकाचा आसा.'

त्या शुक्रवारांतली प्रत्येक ओळ मला पाठ होती. त्यातली प्रत्येक ओळ मामींसाठीच होती, आणि ती ज्याची होती तो माणूस माझ्या शेजारी बसून भातात कढी कालवत होता. मी मामांकडे बघितलं. त्यांनी मान वर केली नाही.

'सुट्टी किती दिसांची आसा?' त्यांनी मला विचारलं.

मामी पळी हातात घेऊन माझ्याकडेच बघत उभ्या होत्या. मी सुट्टीचं सांगितलं.